क्लेमला क्वेरी आली आहे

माणूस आजारी पडला की हल्ली त्याचे दोन पेशंट होतात. एक कॉटवर असतो, दुसरा क्लेमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. कॉटवरचा चार दिवसांत उठून बसतो, पेज पितो, डिस्चार्ज घेऊन गावी जातो आणि आठवड्याभरात पारावर बसून जिल्हा परिषदेच्या राजकारणावर बोलायला लागतो. कॉम्प्युटरमधला मात्र महिना-दीड महिना अॅडमिटच असतो. त्याची प्रकृती आधी ‘अंडर प्रोसेस’ असते, मध्येच बिघडून ‘क्वेरी’त जाते, कागद दिले की जरा सुधारते, पुन्हा बिघडते. या दुसऱ्या पेशंटविषयी माझं एक म्हणणं आहे. क्लेमच्या सॉफ्टवेअरला आजार खरा की खोटा याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. सगळे कागद एकमेकांशी जुळले की त्याचं भागतं. खरं असणं वेगळं आणि जुळणं वेगळं. आणि महाड-पोलादपूरकडे तरी खरी माणसं सहसा जुळत नाहीत.

हा दुसरा पेशंट आपल्याकडे फार जुना नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत महाड-पोलादपूरचा रायगडही होता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला येऊन मिळाली, आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. शिवाय एमआयडीसीतल्या कारखान्यांचे ग्रुप मेडिक्लेम आहेत, मुंबईतल्या मुलाच्या कंपनीने आईबापांना जोडून घेतलेल्या पॉलिसी आहेत आणि कर्ज देता देता बँकेने गळ्यात मारलेल्याही आहेत. विम्याबाहेरचा माणूस शोधायला आता बॅटरी घेऊन फिरावं लागेल. हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यामुळे हॉस्पिटलात एक नवं टेबल आलं. त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर, पिना उपटायचा चिमटा आणि फायलींची चळत. इथे एक मुलगा किंवा मुलगी बसते. तिला नर्सपेक्षा जास्त पेशंट तोंडपाठ असतात, चेहऱ्याने नव्हे, तर क्लेम नंबराने. प्लास्टिकच्या पिशवीतून घामट झालेलं रेशनकार्ड बाहेर येतं, पंख्याखाली थोडं वाळतं, मग स्कॅनरवर झोपतं. एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलने त्याचा फोटो काढला जातो. कॉटवर झोपलेल्या पेशंटचाही फोटो लागतो, म्हणून नुकतं सलाइन लावलेल्या आजोबांना ‘इकडे बघा’ म्हटलं जातं आणि आजोबा सवयीने टोपी सारखी करतात. मग फाइल अपलोडला लागते, ती मोठी आहे असं स्क्रीन सांगतो, ती लहान करतात, मग ती अस्पष्ट आहे असं स्क्रीन सांगतो. तेवढ्यात वीज जाते.

जुळणीची पहिली परीक्षा नावाची. कोकणातल्या माणसाला एकच नाव असतं हा सॉफ्टवेअरचा गोड गैरसमज आहे. रेशनकार्डावर धोंडू, आधारवर धोंडीराम, शाळेच्या दाखल्यावर धोंडिबा आणि गावात भाऊ. चौघेही एकाच पायात काटा मोडून आलेले. बायकांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव रेशनकार्डावर, आणि मुलाने मुंबईतून ऑनलाइन फॉर्म भरताना घातलेलं तिसरंच नाव पॉलिसीवर. त्यात आडनाव रोमन लिपीत लिहायचं. उतेकरांमध्ये टी एक की दोन, हा प्रश्न उतेकरांच्या सात पिढ्यांना पडला नव्हता. तो आता अॅपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर पडतो. सकपाळांचे सपकाळ करणं ही तर टंकलेखनाची जुनी परंपराच आहे, आणि ही दोन्ही खरोखरची आडनावं असल्यामुळे चूक कोणाची हेही कळत नाही. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी मांडव पडतो. इथे ३६ च्या ३६ लागतात, आणि मंगळ असेल तर तो डिस्चार्ज समरीतही मंगळच असावा लागतो.

दुसरी परीक्षा बोलण्याची, आणि इथे आपल्या लोकांची विकेट सर्वांत लवकर पडते. डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून त्रास आहे?’ आजीबरोबर आलेली सून म्हणते, ‘पहिल्यापासूनच आहे हो त्यांचं हे.’ यात तिला सांगायचं असतं ते एवढंच की सासूबाई मुळातच कटकटी आहेत. पण केसपेपरवर ते ‘बऱ्याच वर्षांपासून’ असं उतरतं, आणि तिकडे मुंबईत बसलेल्या तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकते: म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा होता तर! आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा लावता येते, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून आहे. त्यापूर्वी ती ४८ महिने होती. तेव्हा सुनेच्या एका सुस्काऱ्याची किंमत काही लाखांत जाऊ शकते. ‘दारू पितात का?’ या प्रश्नाला ‘शिमग्याला थोडीशी’ हे उत्तरही तसंच. माणसाने होळीभोवती घेतलेला एक घोट केसपेपरवर व्यसन होतो आणि लिव्हरचं काहीही निघालं की पहिली क्वेरी त्यावरच येते. मग डॉक्टरांकडून लेटरहेडवर खुलासा घ्यायचा, त्यावर सही-शिक्का, तारीख, रजिस्ट्रेशन नंबर. खुलाशात पेशंटबद्दल नवं काही नसतं. आधीचं वाक्य फॉर्मला रुचेल अशा शब्दांत पुन्हा लिहिलेलं असतं, म्हणजे तो पेशंटचा इलाज नसून वाक्याचा इलाज असतो. आणि तो बहुधा लागू पडतो, हीच तर गंमत आहे.

आता रकान्यांकडे वळू. ज्या रकान्यावर लाल चांदणी असते तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. माझं म्हणणं असं की लाल चांदणी हे सभ्य माणसाला थाप मारायला लावण्याचं सर्वांत यशस्वी यंत्र आहे. महाराष्ट्रात हा धडा कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी गिरवला गेला. शाळेत नाव घालताना गुरुजींना जन्मतारीख हवीच होती आणि आईला आठवत होतं ते एवढंच की त्या साली भात चांगलं आलं होतं. म्हणून राज्यातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली. मोबाइल नंबरचंही तेच. पोलादपूरच्या वाडीतल्या आजीच्या आधारला नंबर जोडलेला असतो तो नालासोपाऱ्यातल्या मुलाचा. ती महाडात झोपलेली, ओटीपी नालासोपाऱ्यात, मुलगा विरार लोकलच्या दारात लटकलेला, आणि दहा मिनिटांत नंबर सांगितला नाही तर सगळं पहिल्यापासून. ज्यांना असा मुलगाही नाही त्यांनी काय करायचं? त्याचं उत्तर भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात आहे. आयुष्मान भारतच्या नोंदींमध्ये ७,४९,८२० लाभार्थ्यांचा मोबाइल नंबर एकच निघाला: दहा वेळा नऊ. आणखी १,३९,३०० जणांचा होता दहा वेळा आठ. यावर बराच गदारोळ झाला. आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की लाभार्थ्याची ओळख पटवण्यात या नंबराचा काही भाग नाही. खुलासा मला पटतो, आणि पटतो म्हणूनच हसू येतं. ज्याचा उपयोग नव्हता तो रकाना भरून घेतला गेला, आणि साडेसात लाख माणसांच्या वतीने कुणीतरी नऊचं बटण दाबून ठेवलं. मी त्याला लबाडी म्हणणार नाही. रांगेत उभ्या असलेल्या पेशंटचा विचार करणारा माणूस याहून वेगळं काय करणार?

महाडचं नाव वैद्यकाच्या जगात ज्यामुळे पोचलं ती गोष्ट याच्या नेमकी उलट टोकाला आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाने नांगी मारलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रात्ररात्र कॉटशेजारी बसून घाम, थंडगार हातपाय, उलट्या, नाडी, रक्तदाब असं जे दिसलं ते लिहिलं. ‘लॅन्सेट’ने १९८२ मध्ये ती लक्षणं छापली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवावर चालतं हे त्यांनी दाखवलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लिखाणाला ड्रॉपडाउन नव्हतं. आजारांच्या जागतिक यादीत विंचवाला जागा आहे, नाही असं नाही: दहाव्या आवृत्तीत विष टी ६३.२ मध्ये आणि विंचवाशी गाठ एक्स २२ मध्ये. शेजारी एक्स २० ला साप, एक्स २३ ला गांधीलमाशी. पण कोड भरल्यावर काम संपतं असं वाटायला लागतं, तिथे गोची आहे. खरा विनोद पुढेच आहे. बावस्कर दांपत्याने महाडातच ७० रुग्णांवर अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. नुसतं प्राझोसिन दिलेल्यांची लक्षणं जायला सरासरी १७.७ तास लागले. सोबत विंचवाची प्रतिविष लस दिली तेव्हा ८ तास. आणि मेडिक्लेममध्ये भरती कशाला म्हणायचं, तर डे-केअरच्या यादीतले उपचार सोडून सलग किमान २४ तास दाखल असलेल्याला. म्हणजे महाडच्या संशोधनाने माणूस वाचवला खरा, पण इतक्या लवकर की क्लेमच्या दृष्टीने तो आजारी पडलाच नव्हता. उपचार सुधारले तसा नियमाने घड्याळ पुढे सरकवायला हवं होतं. तोवर पेशंट ठणठणीत होऊन चपला शोधत असतो आणि नातेवाईक त्याला ‘उद्या सकाळपर्यंत पडून राहा’ म्हणून दटावत असतात.

हे सगळं आपल्याच देशाचं गचाळ काम असं कुणाला वाटत असेल तर त्याने अमेरिकेकडे पाहावं. तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या याच जागतिक यादीची फुगवलेली आवृत्ती चालते. जेट विमानाच्या इंजिनात ओढलं जाण्याला तीत कोड आहे, आणि तोच पेशंट नंतर पुन्हा दाखवायला आला तर त्याला वेगळं शेपूट आहे. इंजिनात जाऊन आलेला माणूस फॉलोअपला येईल हा आशावाद फक्त विमा कंपन्यांच्या पोटीच जन्मू शकतो. गायीने मारण्याला डब्ल्यू ५५.२२ आहे आणि बैलही गायीच्याच खात्यात आहे. पोलादपूरच्या कुठल्याही शेतकऱ्याने ही चूक केली नसती. तर हे तिकडचे क्लेम दुरुस्त करण्याचं बरंचसं काम रात्रपाळीला भारतात होतं, पुण्यात आणि नवी मुंबईतही. तिथली पोरं रात्री अमेरिकेतल्या विमा कंपनीला फोन लावून सफाईदार इंग्रजीत विचारतात की अमुक दावा का नाकारला, कुठला अंक बदलला की पास होईल. सकाळी घरी येऊन झोपावं तर गावाहून फोन येतो: आईच्या क्लेमला क्वेरी आली आहे.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की इतकी छाननी केली नाही तर चोर शिरतील. खोटे पेशंट, खोटी ऑपरेशनं दाखवून पैसे उकळतील. भीती खरी आहे. पण छाननी कशाची होते ते पाहा. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात आधी मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर नंतरच्या उपचारांचे ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याची नोंद आहे. सुमारे सव्वादोन लाख दाव्यांत ऑपरेशनची तारीख डिस्चार्जच्या नंतरची होती, आणि त्यांतले १.७९ लाख आपल्या महाराष्ट्रातले. यातल्या बऱ्याच नोंदी नुसत्या तारखेच्या गफलती असतील, मला त्यात शंका नाही. पण ज्या यंत्राला उतेकरांमधला एक टी खुपतो, त्याला घरी गेलेल्या माणसाचं ऑपरेशन खुपत नाही, हा कसला डोळसपणा? याचं कारण माझ्या मूळ मुद्द्यातच आहे. यंत्र जुळणी तपासतं, आणि जुळवाजुळव हा ज्याचा धंदाच आहे त्याचे कागद पहिल्या फटक्यात जुळतात. नावं एकसारखी, तारखा कोऱ्या करकरीत, शिक्के सरळ. अडकतो तो खरा पेशंट, कारण खऱ्या आयुष्यात चार कार्यालयांनी चार काळांत चार कारकुनांकरवी आपल्याला लिहून ठेवलेलं असतं.

दुसरा आक्षेप असा की बहुतेक दावे मंजूर होतातच, मग ही रडारड कशाला? आकडे त्या बाजूचे आहेत, ते लपवायचे नाहीत. विमा नियामकाच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांकडे आरोग्य विम्याचे सुमारे ३.२६ कोटी दावे आले आणि त्यांतले ८२ टक्क्यांच्या वर निकाली निघाले. पण त्याच पानांवर रुपयेही आहेत: मागितले सुमारे १.१७ लाख कोटी, मिळाले सुमारे ८३,५०० कोटी, म्हणजे ७१ टक्के. दावा पास आणि रक्कम काठावर. मधली गळती कुठे होते हे पाहायला न देण्याच्या वस्तूंची यादी चाळावी. मिनरल वॉटर, टीव्ही, ब्युटी सर्व्हिस हे समजू शकतं, हॉस्पिटलात फेशियल कोण करतं मला ठाऊक नाही. पण त्याच यादीत स्लिंगही आहे. बहुतेक पॉलिसींत मोडलेला हात जोडायचे पैसे मिळतात, तो गळ्यात अडकवायच्या झोळीचे मिळत नाहीत. हात जोडल्यावर तो खाली लोंबला तर तो आपल्या जबाबदारीवर.

तिसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांचा: लोकांनी कागद नीट ठेवायला नकोत का? ठेवायला हवेत. पण हे महाडात कुणाला सांगायचं? २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या तेव्हा लोखंडी कपाटातले दाखले, सातबारे, पॉलिसी आणि जुने रिपोर्ट चिखलात एकाच रंगाचे झाले. त्यानंतर ‘मूळ प्रत जोडा’ हे वाक्य या गावात जपूनच म्हणायला हवं.

तर मग तपासू नये का? तपासावं, पण पुराव्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर याचा विचार करून. हा विचार महाडला नवा नाही. चवदार तळ्याच्या लढ्याशी मेडिक्लेमची बरोबरी करण्याचा आचरटपणा कुणी करू नये. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क आणि बिलाचे पैसे यांत काही तुलना नाही. पण त्या लढ्याची जी कोर्टातली बाजू आहे ती कायदा म्हणून शिकण्यासारखी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, आणि तरीही पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं दावा चालला. शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अशासाठी की ज्यांना इतरांना तळ्यापासून दूर ठेवायचं होतं, त्यांना आपली ती तथाकथित अनादी वहिवाट सिद्ध करता आली नाही. नाकारणाऱ्याने आधी आपलं कारण शाबीत करावं, हे तिथलं सूत्र. विमा नियामकाला हे उशिरा का होईना उमगलेलं दिसतं. २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसची परवानगी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, कागदपत्रं विमाधारकाकडे न मागता हॉस्पिटलकडून घ्यावीत, आणि समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारू नये असं म्हटलं आहे. नियम उत्तम आहे. फक्त कागद हॉस्पिटलकडून घ्यायचे म्हणजे त्याच टेबलावरच्या त्याच मुलीकडून, आणि तिचा स्कॅनर तोच आहे.

माझी मागणी त्यामानाने किरकोळ आहे. फॉर्ममध्ये एक मोकळी चौकट द्या, तीत डॉक्टरने आणि त्या टेबलावरच्या मुलीने साध्या मराठीत लिहावं: धोंडू, धोंडीराम आणि धोंडिबा हे एकच गृहस्थ असून ते समोर बसून चहा पीत आहेत. ती चौकट यंत्राने नव्हे, माणसाने वाचावी, आणि शंका आल्यास सगळ्या एकदमच विचाराव्यात, हप्त्याहप्त्याने नकोत. लाल चांदणी अशाच रकान्यावर ठेवावी ज्याचा पुढे कुणीतरी उपयोग करणार आहे. यावर तंत्रज्ञ म्हणतील की आता राष्ट्रीय क्लेम एक्स्चेंज आलं आहे, सगळ्या हॉस्पिटलांचा आणि कंपन्यांचा नमुना एकच होईल, चौदा आकडी आभा नंबर टाकला की माणूस आपोआप ओळखला जाईल. होईलही. पण आभा काढायचा तो आधारवरून, आधारवर टी एकच आहे, आणि ओटीपी अजून नालासोपाऱ्यालाच जातो.